रानलसूण पिवळी पडून आडवी झाली, कंद गेले की झोपले?

ओलीमाती · १२ जून

नमस्कार. रानलसूण (आलियम उर्सिनम, लसणीच्या वासाची पानं खायची ती) पहिल्यांदाच लावली आहे आणि गेले दहा दिवस जीव टांगणीला लागलाय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

मागच्या ऑक्टोबरमध्ये पंचवीस सुके कंद मागवले. पाकीट उघडलं तर कंद तुसासारखे हलके, दोन-चार तर चिमटीत दाबल्यावर आत काहीच नसल्यासारखे. त्यात घरी आजारपण होतं, म्हणून पाकीट आठवडाभर तसंच पडून राहिलं. मग सफरचंदाच्या झाडाखाली लावले. तिथे दुपारनंतर ऊन येत नाही आणि माती कायम गार असते. दोन बोटं खोल, वरून पाचोळ्याचा थर.

मार्चमध्ये नऊ ठिकाणी हिरव्या सुरळ्या वर आल्या. इतका आनंद झाला की रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी तिथेच. प्रत्येकाला दोन-दोन पानं आली, मे महिन्यात दोघांना फुलंही आली, पांढऱ्या चांदण्यांचा झुबका. बाकीच्या सोळा जागा रिकाम्याच राहिल्या.

आणि जून लागला तशी पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून रोज झारीभर पाणी घातलं. तरी आठवड्याभरात सगळी पानं मातीवर आडवी, चिखलासारखी मऊ, आणि वास असा की मुलगा नाक धरून पळतो. काल न राहवून एक कंद उकरला. लांबट, पांढरा, करंगळीच्या पेराएवढा. सडलेला तर वाटला नाही. परत पुरून ठेवला.

माझे प्रश्न असे. एक, हे मेलेत का? दोन, न उगवलेल्या सोळांची आशा सोडू का? तीन, फुलांच्या जागी आता हिरवी तीन फुगीर कप्प्यांची बोंडं आहेत. त्यातल्या बिया कधी काढायच्या आणि कशा पेरायच्या?

जाता जाता अजून एक. याच वाफ्याच्या भिंतीकडच्या टोकाला आधीच्या घरमालकांनी लावलेली लिली ऑफ द व्हॅली आहे. पानं थोडी सारखी दिसतात, पण वासावरून लगेच कळतं, त्यामुळे ती राहू दिली तर चालेल ना? पानं तोडायला बहुतेक वेळा सासूबाई जातात, सोबत माझा आठ वर्षांचा मुलगा.

---

पानगळ · १२ जून

मेले नाहीत, झोपलेत. या झाडाचं वर्ष फार लहान असतं. डोक्यावरच्या झाडांची पालवी दाट व्हायच्या आत, जमिनीपर्यंत ऊन पोचतंय तोवर, पानं वाढवायची, कंद भरून घ्यायचा, फुलायचं, बी धरायचं आणि वर दाट सावली झाली की जमिनीखाली जायचं. जूनमध्ये पिवळं पडणं म्हणजे त्यांचं वर्ष वेळेवर संपलं. पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत तिथे उघडी माती दिसेल, ते ठीक आहे.

रोजचं पाणी थांबवा. माती हाताला ओलसर लागली की पुरे. चिखलात मात्र झोपलेला कंद खरोखरच सडतो.

पिवळी पानं ओढून काढू नका. ती आपोआप सुटतील आणि दोन-तीन आठवड्यांत मातीत मिसळतील.

---

जुनंखुरपं · १३ जून

ताई, तुमचे तीन प्रश्न बाजूला ठेवतो आणि जाता जाता विचारलेल्या चौथ्याचं आधी बोलतो. तो या सगळ्यात मोठा आहे. लिली ऑफ द व्हॅली त्या वाफ्यात राहू देऊ नका. एक रोपही नको.

मी अकरा वर्षं रानलसूण वाढवतोय. तिसऱ्या वसंतात माझ्याकडेही अशीच रचना होती, रानलसूण दाट आणि कडेला लिलीची रांग. मलाही वासावर पूर्ण भरवसा होता. एके सकाळी घाईत मुठी भरभरून पानं कापली, टोपली भरली, आत येऊन नळाखाली एकेक पान धुवायला घेतलं. विसाव्या-पंचविसाव्या पानाला हात थबकला. बोटाला देठ वेगळा लागला. रानलसणीचं प्रत्येक पान आपापल्या बारीक देठावर सुटं येतं. हातातलं पान मात्र दुसऱ्या पानाला खालून कवटाळून होतं, दोघांभोवती मिळून एकच आवरण, एकच दांडा. नाकाशी नेलं तर लसणीचाच वास. कारण टोपलीला लसणीचा वास, माझ्या बोटांना लसणीचा वास, कात्रीलाही लसणीचाच. पहिली पाच-सहा पानं कापली की नाक साक्षीदार म्हणून बाद होतं. मी अख्खी टोपली टाकून दिली आणि त्या दिवशी जेवलो नाही, इतका हादरलो होतो. आधीच्या रविवारी मी न बघता किती पानं खाल्ली होती, तेच डोक्यात फिरत होतं.

लिली ऑफ द व्हॅलीच्या मुळापासून बोंडापर्यंत सगळ्यात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. शिजवून किंवा धुवून ते जात नाही.

सासूबाईंना आणि मुलाला पुढच्या मार्चमध्ये वाफ्याशी बसून हे दाखवा, सांगून लक्षात राहत नाही. पान खालपर्यंत बोट नेऊन धरा. रानलसूण असेल तर देठ सुटा, मऊ, मातीत एकटा उतरलेला. पानाची खालची बाजू वर करा, ती मंद, न चमकणारी हवी. लिलीच्या पानाची खालची बाजू चकचकीत असते आणि पातं कडक. मग देठाकडे नीट बघा. रानलसणीचा देठ स्वतःभोवती अर्धा पीळ घेतो, पानाची मुळातली वरची बाजू त्यामुळे खाली गेलेली असते. एकदा तो पीळ डोळ्यांना सापडला की दर वेळी दिसतो. मी आजही आधी तोच बघतो.

अजून दोन घातक सोबती आहेत. कोल्चिकम, म्हणजे शरदात पानांशिवाय फुलणारं जांभळं फूल. त्याची पानं वसंतात येतात, नेमकी आपल्या हंगामात. त्यांना देठच नसतो, जाड चकचकीत पाती थेट जमिनीतून गुच्छाने वर येतात आणि मधोमध बऱ्याचदा फुगीर बोंड असतं. त्यातलं कोल्चिसीन हे विष अत्यंत जहाल. लक्षणं काही तासांनी सुरू होतात, म्हणून माणूस आधी गाफील राहतो. दुसरा ॲरम. त्याचं पान मोठं झाल्यावर बाणाच्या टोकासारखं होतं, पण कोवळं असताना साधंच लांबट दिसतं आणि लसणीच्या दाटीतून हळूच डोकं काढतं. ओळखायचं शिरांवरून. रानलसणीच्या शिरा देठापासून टोकापर्यंत समांतर धावतात, ॲरमच्या जाळीसारख्या फाटे फोडत जातात. चुकून काही पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी त्रास होण्याची वाट न बघता दवाखाना गाठा आणि उरलेलं पान सोबत न्या.

लिली काढायची तर आत्ताच काढा, पानं वर आहेत तोवर तिची हद्द दिसते. तिची मुळं जमिनीखाली आडवी पळतात. वीतभर तुकडा राहिला तरी तिथून नवा कोंब येतो. मला दोन वर्षं लागली. हातमोजे घाला, आणि काढलेलं खतात टाकू नका.

आता तुमचे कंद. दोष तुमच्या हाताचा नाही. कांद्या-लसणीच्या कंदावर जशी कोरडी सालपटं असतात तसं जाड पांघरूण या कंदाला नाही. तो एका पानाच्या बुडापासून बनलेला उघडा, रसाळ कंद आहे. कोरड्या पाकिटात ठेवणं त्याला सोसत नाही. पंचवीसातून नऊ आले हेच पुष्कळ म्हणायचं. सोळांपैकी काही पहिल्या वर्षी फक्त मूळ धरतात आणि दुसऱ्या वसंतात एक बारकं पान दाखवतात, असं माझ्याकडे झालंय. म्हणून तिथे यंदा खुरपं लावू नका, रिकाम्या जागी काड्या रोवून ठेवा.

पुढे कधी वाढवायची झाली तर कंद मागवू नका, हिरवी रोपं मिळवा. पानं उभी असताना मातीच्या गड्ड्यासकट उचललेलं रोप, त्याच दिवशी लावलेलं, जवळजवळ हमखास लागतं. पान आठवडाभर मान टाकतं, त्याने घाबरू नका. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. खोलीची फार चिंता नको. याची मुळं आकसतात आणि कंदाला स्वतःच खाली ओढून नेतात. माझ्याकडे दोन बोटं खोल लावलेले कंद काही वर्षांनी वीतभर खाली सापडले.

जागा तुमची उत्तम आहे. पानझडीच्या झाडाखालची कवडशांची सावली, कुजलेल्या पाचोळ्याची भुसभुशीत माती, ओल धरणारी पण पाणी न साचणारी. शरदात सफरचंदाची पानं झाडून नेऊ नका, ती तिथेच कुजू द्या. दुसरं खत मी कधी घातलं नाही.

---

बीजपेटी · १३ जून

बियांचं मी सांगते, कारण त्यात एक अख्खं वर्ष वाया घालवलंय.

बोंड हिरवं असताना तोडू नका. ते कागदासारखं वाळून आपणहून तडकायला लागतं आणि आत काळ्या बिया दिसतात, तेव्हा काढा. आणि काढल्या त्याच दिवशी पेरा. मी पहिल्या वर्षी भाजीच्या बियांसारख्या नीट वाळवल्या, काचेच्या बाटलीत घातल्या, नावाची चिठ्ठी लावली आणि पुढच्या मार्चमध्ये पेरल्या. दोन ट्रे, एकही कोंब नाही. हे बी ताजंच पेरायचं असतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

त्या बीला आधी उन्हाळ्याची ओलसर ऊब लागते आणि मग हिवाळ्याची थंडी. दोन्ही मिळाल्याशिवाय पान वर येत नाही. म्हणून ट्रे घरात आणायचा नाही. पेराभर खोल पेरा, वर चाळलेला पाचोळा घाला, उंदीर-पक्ष्यांसाठी जाळी बांधा आणि सावलीत भिंतीशी ठेवून द्या, थंडीपावसात तिथेच. माती मात्र एकदाही पूर्ण सुकू द्यायची नाही. काही बिया एक हिवाळा जास्त घेतात, म्हणून ट्रे दुसऱ्या वसंतापर्यंत ओतून टाकू नका.

पहिल्या वर्षी येईल ते पान गवताच्या पात्यासारखं अरुंद असेल. मी ते तण समजून उपटलं होतं. बोटात चुरडल्यावर वास आला आणि डोळ्यात पाणी आलं. फुलायला तीन-चार वर्षं लागतात, कधी पाच. इतकी वाट बघायची नसेल तर बोंडं झाडावरच राहू द्या. बिया आईच्या पायाशी पडतात आणि तिथेच सगळ्यात चांगल्या उगवतात. त्यांना लांब उडायची सवयच नाही.

---

कुंपणापलीकडे · १४ जून

वरचं सगळं पटतं, पण बोंडं झाडावर राहू द्या या सल्ल्यापुढे माझा अनुभव ठेवतो.

रानलसूण रमली की मागे हटत नाही. माझ्याकडे सात वर्षांत दोन चौरस फुटांची वीस झाली. तिच्याखाली वसंतातली दुसरी नाजूक रोपं दबून गेली. कुंपणाखालून ती शेजारी गेली तेव्हा त्यांच्या कुत्र्याचा प्रश्न आला. लसूण-कांद्याच्या कुळातलं काहीही कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, आणि त्यांचं कुत्रं पानं चघळणारं होतं. मी त्यांच्या वाफ्यात बसून दोन शनिवार एकेक कंद वेचून काढला. त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, मलाच अपराधी वाटत राहिलं.

तेव्हापासून पाहिजे तेवढ्याच बोंडांना बी धरू देतो, बाकीची फुलं उमलल्यावर खुडून घेतो. फुलं खाताही येतात, पानांपेक्षा तिखट. कंद किंवा बिया खताच्या ढिगात कधीच टाकत नाही. ज्यांची जागा लहान आहे त्यांनी खोल, रुंद कुंडीत लावावी. फक्त उन्हाळ्यात वर काही दिसत नाही म्हणून कुंडी विसरली जाते आणि आतला कंद वाळतो.

मोठी जमीन असेल तर बीजपेटी म्हणतात तशी मोकळी सोडायला हरकत नाही. लहान बागेत मी सोडणार नाही.

आणखी एक. "रानलसूण" म्हणून हाती येणारी प्रत्येक गोष्ट आलियम उर्सिनम असेलच असं नाही. त्रिकोणी दांड्याची, पांढऱ्या घंटांवर हिरवी रेघ असलेली आलियम ट्रायक्वेट्रम, आणि फुलांबरोबर बारीक कंदिका धरणारी आलियम पॅराडॉक्सम, या दोन्ही खाता येतात पण कितीतरी पटींनी पसरतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या रानात पसरवणं कायद्याने गुन्हा आहे. रुंद, देठाची पानं आणि कंदिका नसलेला चांदण्यांचा झुबका ही आपली खूण.

आणि रोपं हवीत म्हणून रानातून उकरून आणू नका. ब्रिटनमध्ये १९८१च्या वन्यजीव कायद्याने जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानातलं कुठलंही रोप मुळासकट उपटता येत नाही. कायदा नसेल तिथेही, ज्या जुन्या झाडीत ती शेकडो वर्षं पसरली आहे तिथे खड्डे पाडायचे कशाला? कुणाच्या बागेत भरपूर असेल त्याच्याकडे मागा, लोक आनंदाने देतात.

---

ओलीमाती · १६ जून

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू. जुनंखुरपं, तुमचं उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी एप्रिलमध्ये त्या भिंतीकडची पण तोडली असती गं, फक्त तिथवर वाकवलं नाही म्हणून राहिली." मला रात्री झोप लागली नाही.

काल दिवसभर लिली काढली. दोन बादल्या निघाल्या. मुळं दोऱ्यासारखी, माती झटकली की पांढरी चमकतात. भिंतीच्या दगडाखाली काही गेली आहेत, तिथे हात पोचला नाही. त्या कोपऱ्यात लाल रिबीन बांधलेली काठी रोवली आहे.

पाणी बंद केलं. सोळा काड्या रोवल्या.

एक विचारायचं राहिलं. या वर्षीची थोडी पानं चिरून तेलात बुडवून बरणीत ठेवली आहेत, स्वयंपाकघरातल्या फडताळात. किती दिवस टिकतील? आणि पुढच्या वर्षी नऊ रोपांतून किती पानं घेतलेली चालतील?

---

बीजपेटी · १६ जून

ती बरणी आजच टाका. चाखूनही बघू नका. कच्ची लसूण किंवा तिची पानं तेलाखाली हवाबंद होतात, आणि घरच्या उबेत तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू विष तयार करू शकतो. वास, रंग, चव कशातच कळत नाही. तेलात करायचंच तर थोडं करून लगेच फ्रीजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. जास्त असेल तर बर्फाच्या साच्यात भरून गोठवा. पानं वाळवू मात्र नका, वास सगळा उडून जातो. तो वास मुळात पान चिरडल्यावरच तयार होतो, म्हणून चिरायचं अगदी शेवटी आणि आच बंद केल्यावर घालायचं.

---

जुनंखुरपं · १६ जून

पुढच्या वर्षी एकही नाही, असंच मी सांगेन. पान हे त्या कंदाचं वर्षाचं जेवण आहे. दोनच पानं असलेल्या रोपाचं एक नेलं तर त्याने अर्ध्या पोटी वर्ष काढायचं. दाटी झाली, एकेका जागी पाच-सहा पानं दिसायला लागली, की प्रत्येक रोपाचं एक पान, कात्रीने, फूल यायच्या आधी. फूल आलं की पान राठ होतं आणि चवही उतरते. ओढून तोडलं तर कधी कधी कंदच सैल होतो.

मे महिन्यात पानांवर एक काळपट, करड्या डागांची माशी बसलेली दिसली तर हाकलू नका. तिच्या अळ्या याच कंदात वाढतात, दुसरीकडे नाही. दाट ताटव्याला त्याने काही होत नाही, आणि ती आली म्हणजे तुमचा ताटवा तिनेही मान्य केला.

---

ओलीमाती · २१ मार्च

नऊ महिन्यांनी परत आले आहे. सांगायचं कबूल केलं नव्हतं, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

नऊच्या नऊ आले. त्यातल्या चौघांना यंदा तीन-तीन पानं आहेत. रिकाम्या सोळा काड्यांपैकी पाच काड्यांशी एकेक पान आलंय, अंगठ्याएवढं. जुलैमध्ये काळ्या बिया निघाल्या त्याच संध्याकाळी ट्रेमध्ये पेरल्या होत्या. कालपर्यंत मातीच दिसत होती. आज जाळी उचलली तर गवतासारखी सात पाती. मुलाने एकाला हात लावायला परवानगी मागितली, मग बोट हुंगून उड्या मारत आत गेला.

सासूबाई आता प्रत्येक पानाशी खाली बसतात, देठावरून बोट फिरवतात आणि पीळ सापडला की "ही आपली" म्हणतात. तोडत काहीच नाहीत, नुसतं ओळखतात.

आणि लाल रिबिनीच्या काठीजवळ, दगडाच्या फटीतून, दोन पानं एकमेकांना कवटाळून वर आली आहेत. हातमोजे आणि पहार घेऊन आत्ता तिकडेच निघाले आहे. तो दगड आज हलवणारच, आणि त्या टोकाकडची हातभर जागा या वर्षी सगळ्यांना बंद.